‘शोध केला’ हे मराठी नव्हे

प्रश्न असा आला आहे. कराडच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या ताई लिहितात, “आरोग्य, वर्तन आणि रसायनशास्त्र या तिन्ही विषयांतल्या कामावर आमच्याकडे एकत्र परिषद भरते आहे. निमंत्रणपत्रिकेवर ‘आंतरविद्याशाखीय शोध’ छापावं, ‘संशोधन’ की ‘अनुसंधान’? शिवाय ‘आंतर’ बरोबर की ‘बहु’?”

‘संशोधन’ छापा, ताई. ‘शोध’ घालून मजकूर छापखान्यात गेला असेल तर आजच फोन करून थांबवा.

हल्ली कुठलीही बातमी उघडावी तर ‘शास्त्रज्ञांनी शोध केला’, ‘एका शोधानुसार’, ‘शोधकर्त्यांचं म्हणणं’. हा हिंदीचा थेट उतारा आहे आणि तो वाचताना दाताखाली खडा येतो. मराठीत शोध करत नाहीत. शोध घेतात, शोध लागतो, शोध लावतात. हरवलेल्या माणसाचा शोध पोलीस घेतात. तो लागेल किंवा लागणार नाही. शोध लावला म्हटलं की लावणाऱ्याचं कर्तृत्व पुढे येतं. शोध लागला म्हटलं की गोष्ट आपणहून समोर आलेली असते, माणसाने ती फक्त ओळखलेली असते. इतका बारीक भेद आपल्या क्रियापदांनी सांभाळला आहे आणि आपण तो ‘केला’च्या एका फटक्यात पुसून टाकतो.

ताईंच्या परिषदेच्या तिन्ही विषयांत बसणारं एक उदाहरण देतो. जॉन केड हे ऑस्ट्रेलियातले मनोविकारतज्ज्ञ. उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत काही विषारी द्रव्य असावं अशा कयासाने ते ती लघवी गिनीपिगांना टोचून पाहत होते. त्यात युरिक आम्लाचा वाटा किती, हे तपासायचं तर ते आम्ल पाण्यात विरघळेना. म्हणून त्यांनी त्याचा विरघळणारा लिथियम क्षार वापरला. विषाचा जोर वाढायच्या ऐवजी कमीच झालेला दिसला. मग नुसतं लिथियम कार्बोनेट टोचून पाहिलं, तर एरवी हात लागताच बिथरणारे ते प्राणी उताणे केले तरी निवांत पडून राहिले. पुढे उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम देऊन केड यांनी तो अनुभव १९४९ साली प्रसिद्ध केला. इथे मराठी माणूस म्हणेल, केड यांना लिथियमच्या उन्माद शमवण्याच्या गुणाचा शोध लागला. शोधत होते एक, हाती आलं भलतंच.

पण ते गिनीपिग खरोखर शांत झाले होते, की लिथियमच्या विषबाधेने मलूल पडले होते? दुसरी शक्यता आज अनेक जाणकारांना जास्त पटते. म्हणजे लागलेल्या शोधात काय खरं आणि काय आभास, हे कुणीतरी निवडायला हवं होतं. १९५४ साली डेन्मार्कमध्ये मॉगेन्स शू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिथियमची प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या गोळीशी, तुलना करून ते काम सुरू केलं. त्याला मराठीत संशोधन म्हणतात, आणि हाच शब्द का, ते त्याच्या संस्कृत धातूत, म्हणजे क्रियापदाच्या मुळात, आहे.

धातू आहे शुध्. शुद्ध, शुद्धी, शोधन, सगळी त्याचीच भावंडं. संशोधन म्हणजे मुळात नीट स्वच्छ करणं. आयुर्वेदात हा शब्द आजही त्याच अर्थाने चालतो. दोष जागच्या जागी शमवणं ते संशमन. वमन म्हणजे उलटी, विरेचन म्हणजे जुलाब, बस्ती म्हणजे एनिमा, यांनी ते शरीराबाहेर काढणं ते संशोधन. रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या खनिज औषधांच्या शाखेत, गंधक थेट वापरत नाहीत, आधी त्याचं शोधन करतात. दुधाच्या भांड्याच्या तोंडाला फडकं बांधायचं, गंधक तुपात वितळवायचा आणि तो पातळ रस फडक्यावर ओतायचा. खडे आणि माती वर राहतात, गंधक दुधात पडून पुन्हा घट्ट होतो. तो धुऊन घ्यायचा आणि सगळं पुन्हा करायचं. वितळवा, गाळा, थिजवा, धुवा. रसायनशास्त्राच्या बाईंना यात ओळखीचं काही दिसलं नाही तरच नवल.

मला सगळ्यात आवडतो तो या धातूचा गणितातला संसार. भास्कराचार्यांच्या बीजगणितात समीकरणाच्या एका बाजूचं अव्यक्त, म्हणजे अज्ञात संख्या, दुसऱ्या बाजूतून ‘शोधायला’ सांगितलं आहे, म्हणजे वजा करायला! शोधन म्हणजे वजाबाकी. आता आधुनिक औषधचाचणी घ्या. एका गटाला औषध, दुसऱ्याला प्लासिबो, आणि कुणाला काय मिळालं हे रुग्णाला ठाऊक नाही, डॉक्टरलाही नाही. शेवटी पहिल्या गटाच्या सुधारणेतून दुसऱ्याची वजा करायची. नुसत्या आशेने आलेला उतार वजा, दुखणं आपोआप ओसरलं तो भाग वजा, डॉक्टरने आपुलकीने विचारपूस केली त्याचा गुण वजा. उरेल ते औषधाचं. बाराव्या शतकातल्या गणितातला शब्द विसाव्या शतकातल्या चाचणीला जसाच्या तसा बसतो.

कर्ज फेडणं हे ऋणशोधन. हिंदीत याच धातूवर आख्खे कायदे उभे आहेत: काळा पैसा धुण्याविरुद्धचा २००२ चा ‘धन शोधन निवारण अधिनियम’ आणि २०१६ ची ‘दिवाला और शोधन अक्षमता संहिता’. ज्याला आपण घटनादुरुस्ती म्हणतो ते हिंदीत ‘संविधान संशोधन’. म्हणजे शब्दाचा दुरुस्तीचा अर्थ हिंदीने जपला आणि ज्ञानाच्या कामासाठी ‘शोध’ आणि ‘अनुसंधान’ घेतले. त्यांची भाषा, त्यांची निवड. आपण आपली का मोडायची?

मराठीत हा शब्द अभ्यासाच्या कामासाठी का रुजला, याबद्दल माझा एक तर्क आहे आणि मी तो ठामपणे मांडतो. त्याचं श्रेय प्रयोगशाळांना नाही, दप्तरं धुंडाळणाऱ्यांना आहे. वि. का. राजवाड्यांच्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली निघाला, आणि त्यातली पानिपतच्या काळची पत्रं त्यांना सापडली ती आपल्या वाईत. १९१० साली पुण्यात मंडळ उभं राहिलं त्याचं नाव भारत इतिहास संशोधक मंडळ. १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर निघालं. या मंडळींचं रोजचं काम काय होतं? लेखनिकाने केलेली चूक ओळखणं, मागाहून घुसडलेली ओळ काढणं, बनावट कागद बाजूला करणं. भांडारकर संस्थेने महाभारताच्या १,२५९ हस्तलिखितांचा धांडोळा घेऊन प्रक्षिप्त भाग वेगळा काढला. ते काम १९६६ साली पुरं झालं. हे अक्षरशः शोधन होतं, धुणं आणि गाळणं. त्या कामासाठी ‘संशोधन’ हाच शब्द नेमका होता, आणि पुढे विज्ञानवाल्यांनी तो आयता उचलला. आमच्या साताऱ्यातले एक निवृत्त भाषाप्राध्यापक म्हणतात, हा सगळा माझा ओढूनताणून आणलेला संबंध आहे; सं म्हणजे चांगलं, शोधन म्हणजे शोधणं, विषय संपला. मग माझा त्यांना सवाल आहे: ‘संशोधित आवृत्ती’ म्हणजे चांगली शोधून काढलेली आवृत्ती का? ती तपासून शुद्ध केलेली आवृत्ती असते, आणि हे त्यांनीच वर्गात पिढ्यान् पिढ्या शिकवलं आहे.

असंच दुसरं खूळ व्याख्यात्यांचं. ‘रि म्हणजे पुन्हा, सर्च म्हणजे शोध, म्हणून रिसर्च म्हणजे पुन्हा पुन्हा शोध’, हे वाक्य प्रत्येक उद्घाटनाच्या भाषणात येतं आणि त्यावर टाळ्या पडतात. तो शब्द जुन्या फ्रेंचमधून आला आहे आणि तिथला ‘रे’ जोर दाखवणारा आहे: कसून शोधणं. ताई, तुमच्या परिषदेत पाहुणे हे बोलू लागले तर कुणीतरी त्यांना नम्रपणे सांगा.

आता सांगलीच्या हळदीकडे येतो, कारण ‘संशोधनाने सिद्ध’ हे शब्द सगळ्यात स्वस्त झाले आहेत ते हळदीच्या पाकिटांवर. हळद उत्तमच, २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं याचा मलाही अभिमान आहे. प्रश्न तिच्यातल्या कर्क्युमिनचा. ते स्वतः पिवळं, अतिनील प्रकाशात चमकणारं, आणि प्रथिनांना वाटेल तसं चिकटणारं. प्रयोगशाळेत परीक्षानळीतला रंग किंवा चमक बदलली की औषध लागू पडलं असं समजायची पद्धत असेल, तर कर्क्युमिन नुसत्या आपल्या रंगाने आणि चिकटपणाने होकार देऊन मोकळं होतं. २०१७ साली अमेरिकेतल्या कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी औषधी रसायनशास्त्राच्या एका नामांकित नियतकालिकात हे सविस्तर मांडलं. प्लासिबोशी तुलना केलेली, रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही अंधारात ठेवलेली एकही चाचणी तोवर यशस्वी झाली नव्हती, असा त्यांचा निष्कर्ष. हळदीचा स्वतःचा रंग वजा न करता जे हाती येतं त्याला संशोधन म्हणू नये. तो न शोधलेला गंधक आहे.

‘अनुसंधान’? मुळीच नको. दिल्लीच्या सरकारी संस्थांच्या नावांत तो असेल, पण सातारा जिल्ह्यात तो शब्द आधीच गुंतलेला आहे. माणमधल्या गोंदवल्याच्या ब्रह्मचैतन्य महाराजांनी जन्मभर लोकांना भगवंताचं अनुसंधान ठेवायला सांगितलं. मन एका ठिकाणी सतत जोडलेलं राहणं हा त्याचा अर्थ इथल्या अडाणी म्हातारीलाही कळतो. तुमच्या पत्रिकेवर ‘रसायनशास्त्रातील अनुसंधान’ वाचून माण-खटावचे लोक टाळ घेऊन येतील, आणि चूक त्यांची नसेल.

‘शोधनिबंध’, ‘शोधप्रबंध’ रुळलेले आहेत, ते राहू द्या. ‘संशोधित’ मात्र जपून वापरा: ‘संशोधित पाठ’ ठीक, ‘संशोधित औषध’ नको.

‘आंतर’ की ‘बहु’ हे परिषदेत काय होणार त्यावर ठरेल. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ आणि रसायनवाले आपापला निबंध वाचून जेवायला जाणार असतील तर ‘बहुविद्याशाखीय’. केड यांच्या गिनीपिगांसारखा एकच प्रश्न तिघे मिळून सोडवणार असतील तर ‘आंतरविद्याशाखीय’. आणि फलकावर ते एकच शब्द म्हणून जोडून लिहा, मध्ये जागा सोडू नका.