राहून गेलेली तपासणी

प्रश्न : मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा सचिव आहे. पाण्याच्या टाक्यांच्या सफाईची बिले दाखवताना आमचे खजिनदार नजर चुकवतात, काही विचारले की अडखळतात. ते काहीतरी लपवत आहेत, असे मी दोन-तीन सभासदांकडे बोललोही आहे. मात्र गेली ३ वर्षे या खर्चाच्या व्हाउचरवर माझीही सही आहे आणि ‘हिशेब तपासले आहेत’ असे मी वार्षिक सभेत सांगितले आहे. कामाच्या व्यापात माझ्याकडून तपासणे राहून गेले. खोटे बोलणारा माणूस ओळखावा कसा? आणि मलाही अप्रामाणिक म्हणावे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नजर चुकवणे हा पुरावा मानू नका. भिडस्त माणूस खरे सांगतानाही अडखळतो आणि सराईत माणूस डोळ्याला डोळा भिडवून थाप मारतो. बाँड आणि डीपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये खरे-खोटे ओळखण्याच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा सुमारे २४ हजार लोकांचे अंदाज सरासरी ५४ टक्केच बरोबर निघाले. छापा-काटा करूनही ५० टक्के येतातच.

चेहरा सोडा, बिले वाचा. एकाच ठेकेदाराची जानेवारी, एप्रिल आणि जुलै महिन्यांची बिले जर ११४, ११५, ११६ अशा लागोपाठच्या क्रमांकांची असतील, तर एक तर त्याला मधल्या काळात दुसरे गिऱ्हाईकच मिळाले नाही किंवा ते बिलबुक भलत्याच घरात पडून आहे. सफाईच्या दिवशी पाणी खरोखर बंद होते का, हेही पहारेकऱ्याला किंवा शेजाऱ्यांना सहज आठवेल.

तुमचा दुसरा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर तुमच्याच पत्रात आहे. खजिनदारांविषयी तुम्ही ‘ते लपवत आहेत’ असे लिहिता. तिथे कर्ता ठसठशीत आहे. स्वतःविषयी मात्र ‘तपासणे राहून गेले’ असे लिहिता, जणू ते आपोआपच राहिले. ‘मी तपासले नाही आणि तपासले म्हणून सांगितले’ हे वाक्य तुम्ही टाळले आहे. आपल्या भाषेत कर्त्याला असे आडोशाला बसवण्याची सोय आहे आणि आपण सगळेच ती वापरतो, मीसुद्धा. पण स्वतःतला अप्रामाणिकपणा पकडण्याची याहून खात्रीची जागा मला ठाऊक नाही.

फेस्टिंगर आणि कार्लस्मिथ यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना तासभर कंटाळवाणे काम देऊन, ते मजेदार होते असे पुढच्या व्यक्तीला सांगायला लावले होते. त्यासाठी २० डॉलर मिळालेल्यांपेक्षा १ डॉलर मिळालेल्यांनाच ते काम पुढे अधिक आवडल्यासारखे वाटले. मोठा मोबदला हेच खोट्याचे कारण आहे, असे त्यांना स्वतःला सांगता येत नव्हते, म्हणून त्यांनी आपले मतच बदलले. तुम्हाला तर सहीबद्दल एक पैसाही मिळाला नाही. म्हणूनच ‘तपासले आहेत’ हे वाक्य तुमच्या मनात इतक्या सहज खरे होऊन बसले.

होय, ती सही अप्रामाणिक होती. खजिनदारांनी काही गैर केले असेल, तर त्याला आडोसाही तिचाच मिळाला आहे. समितीच्या पुढच्या सभेत आधी स्वतःचे वाक्य कर्त्यासकट सांगा, ते इतिवृत्तात नोंदवून घ्या आणि मगच ३ वर्षांची बिले सर्वांसमोर मागा. ती चोख निघाली, तर ज्या सभासदांकडे संशय बोलून दाखवलात, त्या प्रत्येकाच्या घरी जाऊन तसे सांगा. निरोपावर भागवू नका.