अन्नक्षेत्राचे जेवण आणि मधुमेह

आपले काका इंदुरातल्या रामबागेत एकटे राहतात, दुपारी अन्नक्षेत्रात जेवतात, रात्री शेजारून डबा येतो किंवा कुठेतरी भंडारा असतो. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनची एकत्र गोळी सुरू आहे, तरीही जेवणानंतरची साखर 260 च्या घरात जाते, आणि डॉक्टरांच्या आहारपत्रकातले ओट्स, सॅलड, बदाम त्यांच्या ताटात येण्याची शक्यता नाही. अशा वेळी नेमके काय करावे, असे आपण विचारले आहे. मी स्वतः मधुमेही आहे आणि इंदुरातल्याच एका अन्नक्षेत्रात अनेक वर्षे वाढपाला उभा राहतो, त्यामुळे जेवणाऱ्याची आणि वाढणाऱ्याची अशा दोघांच्याही अडचणी मला ठाऊक आहेत.

आपण सगळी काळजी गोडाची केली आहे. मला मात्र अधिक भीती वाटते ती न आलेल्या जेवणाची. ग्लिमेपिराइड ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि पोटात अन्न आहे की नाही याची ती वाट पाहत नाही. रांग लांबली, शेजारी गावाला गेले, पंगत तीन वाजता बसली, आणि गोळी मात्र सवयीने बारालाच घेतली, तर साखर 70 च्या खाली उतरू शकते: दरदरून घाम, हातांना कंप, विनाकारण चिडचिड, मग असंबद्ध बोलणे. एकट्या राहणाऱ्या वृद्ध माणसाच्या बाबतीत हे रात्री घडले तर कोणाला कळणारही नाही. म्हणून ताट समोर आल्याशिवाय ही गोळी घेऊ नये, आणि जेवण चुकलेच तर त्या वेळच्या गोळीचे काय करायचे हे डॉक्टरांकडून आधीच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून घेणे तर अजिबात नको. खिशात साखरेची पुडी कायम असावी. लक्षणे दिसताच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, बरे वाटले नाही तर तेवढीच साखर पुन्हा घ्यावी आणि नंतर पोळी किंवा चणे असे काही खावे. या कामी लाडू उपयोगाचा नाही, कारण तुपामुळे त्यातली साखर रक्तात उशिरा पोहोचते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे. शेजाऱ्यांनाही हे सांगून ठेवावे.

आता ताटाकडे वळू. अन्नक्षेत्रात काय शिजले आहे ते आपल्या हाती नसते, पण किती घ्यायचे आणि कोणत्या क्रमाने खायचे हे बरेचसे हाती असते. आधी भाजी आणि वरण, त्यानंतर पोळी, भात घ्यायचाच तर सर्वांत शेवटी आणि दोन-चार घास, एवढा क्रम पाळल्यानेही जेवणानंतरची साखर कमी चढते. वरणाच्या बाबतीत एक बारीक गोष्ट सांगतो. मोठ्या पातेल्यात डाळ तळाशी बसते, वाढपी घाईत वरून डाव भरतो आणि वाटीत येते ते बहुतेक हळदीचे पाणी. ‘भैया, नीचे से हिलाकर देना, शुगर है, चावल मत डालना’ असे काकांनी एकदा स्पष्ट म्हणावे. यात संकोच कसला? असे सांगणाऱ्यांचा वाढप्याला राग येत नाही. उलट दोन दिवसांत तो चेहरा ओळखू लागतो. जवळपास गुरुद्वारा असेल तर तिथल्या लंगरला जरूर जावे. तो सर्वांसाठी खुला असतो आणि तिथली डाळ बहुधा घट्ट असते. खीर मात्र नको म्हणावी.

भंडाऱ्याचे गणित अवघड आहे. पुरी, बटाट्याची रस्साभाजी, नुक्ती म्हणजे गोड बुंदी, असला तर भात: पिष्ट आणि साखर यांखेरीज त्यात फारसे काही नाही. अशा दिवशी घरून मूठभर भिजवलेले हरभरे किंवा मोड आलेले मूग खाऊन निघावे, पुऱ्या दोनच घ्याव्यात, आणि नुक्तीचे चार दाणे प्रसाद म्हणून जेवणाच्या शेवटी तोंडात टाकून द्रोण शेजारच्या मुलाकडे सरकवावा. प्रसादाला नाही म्हणणे आपल्या लोकांना जड जाते, पण कणभर घेतल्यानेही मान राखला जातो. एकादशीची साबुदाण्याची खिचडी हलकी समजली जाते, ते खरे नाही. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. ही गोळी घेणाऱ्याने उपासही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

शिधापत्रिकेवर मिळणारे धान्य काका वाटून टाकतात, असे आपण लिहिले आहे. त्यातले गहू ठेवून घ्यावेत आणि चार किलो गव्हाला एक किलो हरभरे घालून चक्कीवरून दळून आणावेत. रात्रीचा डबा आला नाही तर त्या पिठाची एक-दोन धिरडी तव्यावर होतात आणि गोळीनंतर उपाशी झोपण्याची वेळ येत नाही. मूत्रपिंडाचा विकार निघाला असेल तर डाळी-कडधान्यांचे प्रमाण मात्र डॉक्टरांनीच ठरवावे.

दानात येणारी पाकिटे हा वेगळाच त्रास आहे. ब्रेड, टोस्ट, बिस्किटे, फळांच्या रसाचे डबे लोक फार चांगल्या मनाने देतात. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलेच नाव मैद्याचे असेल तर पुढे ‘शुगर फ्री’ लिहिलेले असूनही रक्तातली साखर वाढतेच. रसाचा एखादा लहान डबा साखर उतरण्याच्या प्रसंगासाठी बाजूला ठेवावा, बाकी कोणाला तरी देऊन टाकावे. ओळखीचे दाते असतील तर बिस्किटांऐवजी फुटाणे किंवा मुगाची डाळ द्या असे त्यांना मोकळेपणाने सांगावे. बहुतेकांना ते आवडते, कारण काय द्यावे हेच त्यांना कळत नसते.

जेवणानंतर पंधरा मिनिटे संथ चालावे. अन्नक्षेत्रातून घरी पायी आले तरी पुरे.

डॉक्टरांकडे पुढच्या वेळी आपण स्वतः बरोबर जावे. आहारपत्रक परत करून, जेवण कुठून येते, किती वाजता येते आणि आठवड्यातून किती वेळा चुकते हे त्यांना सांगावे. जेवणाची वेळ बेभरवशाची असल्यास साखर एकदम न उतरवणाऱ्या गोळ्याही असतात आणि अनेक औषधे जनऔषधी केंद्रात स्वस्त मिळतात. बदल करायचा की नाही हे मात्र तेच ठरवतील. तपासणीची साखर पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजावी. ती साधारण 180 च्या आत असावी असे म्हणतात, पण एकट्या वृद्धासाठी ही मर्यादा थोडी सैल ठेवायची का, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे.