नवीन यानाला नाव कसं निवडायचं? आधी वावरात उभं राहून हाक मारून बघा

तुमचा प्रश्न वाचला. कॉलेजच्या टीमने छोटा उपग्रह बनवत आणलाय आणि नावावरून दोन गट पडलेत, एक गट म्हणतो संस्कृत भारदस्त नाव पाहिजे, दुसरा म्हणतो इंग्लिश शॉर्टफॉर्म पाहिजे कारण तो पेपरमध्ये आणि प्रेझेंटेशनमध्ये बरा दिसतो, आणि आता निवडायचं कसं असं तुम्ही विचारलंय.

मी इंजिनिअर नाही. बुलडाणा जिल्ह्यात लोणारपासून तासाभरावर आमचं गाव आहे, तिथे माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, घरचं वावर दादा बघतो. पण नावांशी माझा रोजचा संबंध, दिवसभर मी लोकांची नावंच टाइप करत असते, आणि पाच भाचे-भाच्यांची आत्या आहे, पाचही बारशांना कानात कुर्र मीच केलंय. यानांचं वेड तर शाळेपासूनचं. लोणारचं विवर उल्का पडून झालंय हे सरांनी काठावर उभं करून सांगितलं होतं, पावणेदोन किलोमीटरचा तो खड्डा बघितला की वरून काहीतरी येतं आणि इथून काहीतरी वर जाऊ शकतं हे दोन्ही एकदमच पटतं. म्हणून लिहितेय, जरा लांबेल.

तर पहिली गोष्ट, नाव हे हाक मारण्यासाठी असतं. आमचे बाबा बैलांना नावं ठेवताना जोडीतल्या दोघांची नावं कधीच एकमेकांसारखी ठेवायचे नाहीत. ढवळ्या-पवळ्या ऐकायला गोड वाटतं, पण डवरणीच्या वेळी वारा उलटा असला की वावराच्या त्या टोकाला फक्त 'अवळ्या' एवढंच पोचतं आणि दोघंही कान टवकारतात. आमच्याकडे सोन्या आणि कबऱ्या होते. बाबा नवीन बैल आणला की नाव ठरवायच्या आधी धुऱ्यावर उभे राहून दोन-तीन नावं जोरात ओरडून बघायचे, आम्ही पोट्टे त्या टोकाला, कोणतं नाव नीट ऐकू आलं ते आम्ही हात वर करून सांगायचं.

आता हेच अपोलोवाल्यांना करावं लागलं होतं. यान एक होतं तोवर 'अपोलो 11' म्हणून भागलं, पण चंद्राजवळ जाऊन त्याचे दोन भाग झाले, एक खाली उतरणारा आणि एक वर घिरट्या घालणारा, मग रेडिओवर नुसतं अपोलो 11 म्हटलं तर उत्तर कुणी द्यायचं? म्हणून वरच्याचं नाव कोलंबिया, खाली उतरणाऱ्याचं ईगल. म्हणून बघा, 1969 साली चंद्रावरून आलेल्या निरोपात अपोलो उतरलं असं नाही, ईगल उतरलं असं आलं. त्याच्या आधीच्या अपोलो 10 ला कार्टूनमधली नावं दिली होती, पण दोन भागांना दोन वेगळी नावं ही गोष्ट तिथेही होतीच. तुमच्या उपग्रहाशी बोलायला कॉलेजच्या गच्चीवर अँटेना लावून रात्री-बेरात्री कुणीतरी बसणार आहे ना, त्याच्या तोंडात ते नाव दिवसातून शंभर वेळा येणार. लांबलचक पाच शब्दांचं नाव ठेवलं तर दुसऱ्या दिवसापासून तोच त्याचं काहीतरी टोपणनाव पाडेल आणि तुमचं खरं नाव कागदावर राहील.

मंगळयानाचं तेच झालं. सरकारी नाव मार्स ऑर्बिटर मिशन, 5 नोव्हेंबर 2013 ला उडालं, 24 सप्टेंबर 2014 ला मंगळाला पोचलं, आणि आख्ख्या देशाने त्याला पहिल्यापासून मंगळयानच म्हटलं.

दुसरी गोष्ट स्पेलिंगची, आणि हे मी अगदी पोटतिडकीने सांगतेय. आमच्या गावातल्या एका मुलाचं नाव दाखल्यावर एक, आधारवर दुसरं आणि बँकेत तिसरं होतं, फरक फक्त एका एच चा आणि एका डबल अक्षराचा, त्याच्यापायी त्याची स्कॉलरशिप वर्षभर अडकली, त्याची आई मजुरी बुडवून तालुक्याला चार चकरा मारून आली. त्या दिवसापासून मी कुणीही लेकराचं नाव विचारायला आलं की आधी दोन कागद पुढे करते, एकावर देवनागरीत लिहा, एकावर इंग्लिशमध्ये, आणि घरातल्या तिघांनी वेगवेगळं लिहा. तिघांचं सारखं आलं तर ते नाव ठेवा.

ही परीक्षा यानांना लावून बघा. आपल्या पहिल्या उपग्रहाचं नाव आर्यभट. किती लोक बरोबर लिहितात? अर्ध्याहून जास्त फॉर्मवर मला आर्यभट्टच दिसतं, डबल ट लावून. चंद्रयानाच्या गाडीचं नाव प्रज्ञान, आपण मराठीत ज्ञ चा उच्चार द्न्य करतो, हिंदीवाले ग्य करतात, इंग्लिश स्पेलिंग हिंदीच्या उच्चारावरून, त्यामुळे माझी भाची इंग्लिश मीडियमच्या पुस्तकातून 'प्रग्यान' वाचायची आणि टीव्हीवर मराठी बातम्यांत प्रज्ञान ऐकलं की ते तिला वेगळंच काहीतरी वाटायचं. मंगळयान की मंगलयान हा तर कायमचाच घोळ. आता ही नावं वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाही, फार सुंदर आहेत, पण तुमचं अजून ठरायचंय तर ळ, ण, ज्ञ ही अक्षरं शक्य असेल तर टाळा, तुमच्या उपग्रहाला बंगाली माणसालाही हाक मारता आली पाहिजे आणि जपानी माणसालाही.

आता तुमचे दोन गट. शॉर्टफॉर्मवाल्यांना एक सांगा, 1981 साली आपला ॲपल नावाचा उपग्रह होता. फुल फॉर्म एरियन पॅसेंजर पेलोड एक्सपेरिमेंट. हा फुल फॉर्म कुणाच्याही लक्षात नाही, पण तो बैलबंडीवर ठेवलेला फोटो सगळ्यांनी बघितलाय. बंडी गरिबीमुळे नव्हती वापरली बरं का, अँटेनाची चाचणी घ्यायची होती आणि ट्रकच्या लोखंडाने त्यात अडथळा आला असता, लाकडाची बंडी बरोबर कामाची होती. मला तो फोटो बघून दर वेळी भरून येतं, कारण तशीच बंडी आमच्या गोठ्यापुढे उभी असायची. आणि संस्कृतवाल्यांना नाविकचं उदाहरण द्या. जीपीएससारखा रस्ता दाखवणाऱ्या आपल्या उपग्रहांच्या त्या मालिकेचं आधीचं नाव आयआरएनएसएस, म्हणताना जीभ अडखळते, 2016 मध्ये सातवा उपग्रह वर गेल्यावर नाविक नाव मिळालं, तो इंग्लिश शब्दांचा शॉर्टफॉर्मही आहे आणि होडी हाकणारा नाविकही आहे. म्हणजे दोन्ही गटांचं एकाच शब्दात भागू शकतं, फक्त आधी शब्द शोधा आणि मग त्याचा फुल फॉर्म जुळवा. फुल फॉर्म आधी लिहून त्याची अक्षरं जोडत बसलं की जे तयार होतं ते नाव वाटत नाही, खताच्या पोत्यावरचा नंबर वाटतो.

नंबर तर तसाही मिळणारच आहे. वर गेलेल्या प्रत्येक वस्तूला साल, त्या वर्षातलं कितवं उड्डाण आणि एक इंग्लिश अक्षर असा नंबर मिळतो, आर्यभटाचा 1975-033ए, चंद्रयान 3 चा 2023-098ए. आमच्या सातबाऱ्यावर गट नंबर असतो तसं. पण घरात कुणी गट नंबर म्हणत नाही, 'आंब्याच्या वावरात जाऊन ये' असंच म्हणतात, आंबा पडून वीस वर्षं झाली तरी.

नाव कोण ठेवणार हेही आधीच ठरवून घ्या, नाहीतर ऐनवेळी भांडणं होतात. आपल्याकडे तो मान आत्याचा. यानाची आत्या कोण? आर्यभटाच्या वेळी शास्त्रज्ञांनी तीन नावं पाठवली होती, आर्यभट, मैत्री आणि जवाहर. उपग्रह रशियाच्या रॉकेटवरून जाणार होता म्हणून मैत्री, आणि इंदिरा गांधींनी त्यातून आर्यभट निवडलं, वडिलांचं नाव यादीत असताना. 19 एप्रिल 1975 ला ते उडालं आणि नंतर दोन रुपयांच्या नोटेवर आलं, आमच्या देव्हाऱ्यातल्या डब्यात तशी एक नोट अजून आहे. चंद्रयानाचं आधी सोमयान ठरत होतं, वाजपेयींनी चंद्रयान म्हणा असं सुचवलं, आणि 2003 च्या पंधरा ऑगस्टच्या भाषणात तेच नाव घेतलं. सोम म्हणजे चंद्र हे आमच्या आजीलाही माहीत आहे पण सोमयान म्हटलं असतं तर तिला सोमवारच्या उपासाचं काहीतरी वाटलं असतं, चंद्रयान म्हटलं की ती लगेच अंगणात येऊन वर बघते. नासावाले तर शाळेच्या मुलांकडून निबंध मागवतात, मंगळावरच्या क्युरिऑसिटी गाडीचं नाव बारा वर्षांच्या मुलीने सुचवलेलं, पर्सिव्हरन्सच्या वेळी 28 हजार निबंध आले होते. तुम्ही पण तालुक्यातल्या शाळांकडून मागवा, मनापासून सांगते. पण उघड मतदान ठेवू नका, ऑनलाइन मतदानात ज्याचे फॉलोअर्स जास्त त्याचं नाव पुढे जातं. मुलांनी सुचवायचं, टीमने निवडायचं.

आणि कधी ठेवायचं? जपानमध्ये बरीच वर्षं पद्धत अशी होती की यान नीट वर पोचलं की मगच त्याला खरं नाव द्यायचं, तोवर नुसतं कामापुरतं नाव. 2003 साली उडालेलं हायाबुसा, म्हणजे ससाणा, जमिनीवर होतं तोवर म्युझेस-सी होतं. हे मला आपल्या बारशासारखंच वाटतं, लेकरू आधी सुखरूप जन्माला येऊ द्या, बाराव्या दिवशी नाव ठेवू. 2025 मध्ये शुभांशु शुक्ला ज्या नव्याकोऱ्या ड्रॅगन यानातून गेले त्याचं ग्रेस हे नाव पण कक्षेत पोचल्यावरच जाहीर केलं.

एक गोष्ट मात्र राहून जायला नको. 2019 च्या सप्टेंबरमध्ये विक्रम लँडर चंद्रावर आदळलं तेव्हा गावात काही जण म्हणाले की नावातच खोट असेल, पुढच्याला दुसरं नाव ठेवा. इस्रोने ठेवलं नाही. 2023 च्या यानात पुन्हा विक्रम आणि पुन्हा प्रज्ञानच, आणि 23 ऑगस्टला संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी ते उतरलं तेव्हा माझ्या दुकानात वीस-पंचवीस माणसं एका मॉनिटरपुढे उभी होती, दादा वावरातून तसाच चिखलाच्या पायांनी आलेला. बाबांनी पण सोन्या गेल्यावर नवीन बैलाचं नाव सोन्याच ठेवलं होतं, का म्हणून विचारलं तर म्हणाले, 'त्याचं काम अर्धं राह्यलं होतं.' त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला भाचीने लाकडी नंदीच्या पाठीवर थर्माकोलचा लँडर बांधला, चार पाय काड्यांचे, चॉकलेटच्या सोनेरी कागदाने गुंडाळलेला, आणि घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागताना नंदीचं नाव विचारलं की विक्रम सांगायची. नाव असं लोकांच्या घरात शिरलं पाहिजे.

आता तुम्ही नाव सुचवा असंही म्हटलंय. मला सारस आवडतं, आपल्या गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत अजून थोडे सारस आहेत, पण ते नाव एका विमानाला आधीच दिलेलं आहे. पुष्पकही गेलं, इस्रोच्या धावपट्टीवर उतरणाऱ्या यानाला दिलं. गोफण हा शब्द मला फार जवळचा, पण माझ्याच परीक्षेत नापास, शेवटी ण आहे आणि इंग्लिशमध्ये पी-एच की एफ हा वाद.

मी सुचवते ते नाव आहे टिटवी.

मे महिन्यात दादा वखरत होता, मी डबा घेऊन गेले होते. अचानक टिटवी डोक्यावरून ओरडत घिरट्या घालायला लागली, दादाने वखर थांबवला आणि वाकून शोधलं तर ढेकळांत उघड्या जमिनीवर चार अंडी, गारगोट्यांसारखी ठिपक्यांची, हात लागेपर्यंत दिसली नाहीत. दादाने तेवढा तुकडा सोडून वखर फिरवला. दीड वीत पाखरू, पण रात्री आख्ख्या शिवारात त्याचा आवाज जातो, 'टिटीव टिटीव', तेच त्याचं नाव. तुमचा उपग्रह दहा सेंटिमीटरचा डबा असणार, पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलांचा स्वयम् 2016 मध्ये गेला तो पण साधारण किलोभराचाच होता, आणि त्याचं पहिलं काम काय तर वरून ठरावीक वेळाने आवाज देत राहणं, मी आहे, मी आहे म्हणून. शिवाय टिटवीने समुद्र आटवायला घेतला होता ही गोष्ट आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. देवनागरीत एकच स्पेलिंग, इंग्लिशमध्ये व्ही लावायचा की डब्ल्यू एवढं आज ठरवा आणि सगळ्या कागदांवर तेच लिहा.

फक्त टिटवी ओरडली की अशुभ असं काही लोक मानतात, म्हणून लिहायच्या आधी आजीला विचारलं. ती आधी म्हणाली, 'अव माय, टिटवी कायले? दुसरं नाव नाही भेटलं?' मग मी तिला सांगितलं की हा डबा पृथ्वीभोवती फिरणार, दिवसातून काही वेळा आपल्या डोक्यावरून जाणार आणि जाताना आवाज देणार, पोट्टे खाली बसून ऐकणार.

'रातच्याले बी वरडन?'

म्हटलं हो, रात्री पण.

'मंग टिटवीच हाये ते.'