विंडोज १० वरून ११ वर जाण्यापूर्वी

संगणक व्यवस्थित चालत असताना प्रणाली बदलावी का, हा आपला प्रश्न रास्त आहे. मात्र विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला असल्याने, ज्या संगणकावरून आपण बँकेचे व्यवहार करता तो सुरक्षा अपडेटविना इंटरनेटला जोडलेला ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपून ठेवणारी संगणकातील सोय) लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असल्यास तो साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा असावा लागतो. कागदोपत्री ४ जीबी रॅम पुरते, पण माझ्या मते ८ जीबी तरी हवीच.

खरी काळजी घ्यावी ती जुन्या प्रिंटरची आणि मराठी टंकलेखनाच्या सॉफ्टवेअरची (आपले दस्तऐवज युनिकोडपूर्व, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतपद्धतीच्या आधीच्या, फाँटमध्ये असतील तर विशेषच). ही साधने नव्या प्रणालीवर चालतात का, याची निर्मात्याकडून आधी खात्री करून घ्यावी. सर्व फायलींची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेतल्याशिवाय सुरुवात करू नये. अपग्रेडनंतर साधारण १० दिवस जुन्या प्रणालीवर परतता येते, म्हणून छपाई, स्कॅनिंग आणि टंकलेखन त्या दिवसांतच तपासून पाहावे.