झोपेतल्या फिट्स, नॉर्मल ईईजी आणि अभ्यासिकेतली जागरणं

रात्री झोपेत येणाऱ्या फिट्सबद्दल लिहून पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांतली तीन घेतेय, नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न : डॉक्टर, आम्ही धायरीला राहतो. मिस्टर चाकणला कंपनीत आहेत, शिफ्ट ड्युटी असते. वर्षभरापासून झोपेत एकदम ओरडून उठतात, सायकल चालवल्यासारखे पाय मारतात, कधी पलंगाची कड घट्ट धरून ठेवतात, आणि अर्ध्या मिनिटात सगळं थांबतं. मग पाणी मागतात आणि झोपतात. एका रात्रीत चार-पाच वेळा पण होतं. ईईजी नॉर्मल आला, तिथले डॉक्टर टेन्शन आहे म्हणाले. सासूबाई म्हणतात बाहेरचं काहीतरी आहे, अमावस्येला उतारा पण टाकला. हे म्हणतात मला सगळं कळत असतं पण अंग ऐकत नाही. फिटमध्ये तर माणूस बेशुद्ध पडतो ना?

उत्तर : ताई, कळतं पण अंग ऐकत नाही हे त्यांचं वाक्य खूप महत्त्वाचं आहे, डॉक्टरांना तसंच्या तसं सांगा. प्रत्येक फिटमध्ये माणूस बेशुद्ध पडून तोंडाला फेस येतोच असं नाही. मेंदूचा कपाळामागचा भाग म्हणजे फ्रंटल लोब, हालचाली तिथून ठरतात, आणि फिट तिथून सुरू झाली की अशीच दिसते, पाय झाडणं, ओरडणं, शिव्या देणं, एक हात ताठ होऊन मान वळणं, आणि बऱ्याचदा शुद्ध पूर्ण असते. बहुतेक वेळा अर्ध्या-एक मिनिटाच्या आत संपते, संपली की माणूस लगेच नॉर्मल बोलायला लागतो, आणि बघणाऱ्याला वाटतं हा नाटक करतोय नाहीतर अंगात आलंय. लोकांना वर्षानुवर्षं मानसिक म्हणून गोळ्या चालू राहतात आणि घरात त्या माणसाकडे बघायची नजरच बदलते, याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

ईईजी म्हणजे डोक्याला तारा लावून काढलेला मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख. तो नॉर्मल म्हणजे फिट नाही, असं अजिबात नाही. वाड्याच्या दिंडी दरवाज्याला कान लावला म्हणून माजघरातलं भांडण ऐकू येईलच असं नसतं ना, तसं डोक्याला बाहेरून लावलेल्या तारांना फ्रंटल लोबच्या आतल्या आणि खालच्या बाजूची गडबड कितीतरी वेळा पोचतच नाही. फिट चालू असतानासुद्धा हातापायांच्या झटापटीत रेकॉर्डिंग खराब होतं. त्यात तुम्ही केलेला ईईजी दिवसा आणि थोडाच वेळ झाला असणार.

मग करायचं काय, तर मोबाइलवर व्हिडिओ काढा. एक नाही, तीन-चार वेगवेगळ्या वेळचे. अर्ध्या मिनिटात फोन शोधून होत नाही म्हणून छोटा कॅमेरा लावून ठेवला तर उत्तम, पांघरूण अंगावर पातळ ठेवा आणि मंद दिवा असू द्या. आम्ही त्यात बघतो की दर वेळी तेच तसंच होतंय का. फिट ही जवळजवळ ठरलेल्या क्रमानेच येते, आधी हात मग ओरडणं मग पाय, दर वेळी तेच. झोपेत घाबरून उठणाऱ्या मुलांचं वेगळं असतं, ते बहुतेक रात्रीच्या पहिल्या भागात होतं, साधारण एकदाच, काही मिनिटं चालतं आणि सकाळी काही आठवत नाही. तुमच्याकडे मोठ्या वयात सुरू झालंय, रात्रीत चार-पाच वेळा आणि अर्धा मिनिट, त्यामुळे मला फिटचाच संशय जास्त येतो, पण पत्रावरून निदान करता येत नाही, न्यूरॉलॉजिस्टना दाखवाच. ते रात्रभराचा व्हिडिओ ईईजी, म्हणजे ईईजी आणि व्हिडिओ एकाच वेळी, सांगतील, पुण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलांत सोय आहे, आणि फिट्ससाठी खास पद्धतीने केलेला एमआरआय. साध्या एमआरआयमध्ये मेंदूच्या सालीतला जन्मजात छोटा दोष नजरेतून सुटू शकतो.

गोळ्यांनी फरक पडतो. या प्रकारात कार्बामाझेपिनसारखं जुनं औषध बऱ्याच जणांना कमी डोसातही लागू पडतं. फक्त सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर पुरळ आलं किंवा तोंड आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं, वाट बघायची नाही. नीट निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसात घेऊनही फिट्स थांबल्या नाहीत तर ऑपरेशन होऊ शकतं का हे तपासतात, मुंबईचं केईएम, त्रिवेंद्रमचं श्रीचित्रा अशा ठिकाणी हे काम बरीच वर्षं चालू आहे.

आणि नाइट शिफ्ट. ती थांबवायलाच हवी, अपुरी झोप हे फिटला आमंत्रण आहे. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन एचआरला भेटा, मशिनजवळचं काम असेल तर तेही सांगा. बाइक आत्तापासून बंद. लायसन्सच्या फॉर्ममध्ये फिट्सचा प्रश्न स्पष्ट विचारलेला असतो, आणि फिट आजवर फक्त झोपेतच आली म्हणून उद्या नवले पुलावर येणार नाही याची खात्री कोण देणार? सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांनाही मुलाची काळजीच आहे, डॉक्टरांकडे जाताना बरोबर घेऊन जा आणि व्हिडिओ त्यांच्यासमोर दाखवा.

प्रश्न : मॅम, मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, एमपीएससी करतेय. फ्रंटल लोब एपिलेप्सी, म्हणजे फ्रंटल लोबमधून येणाऱ्या फिट्सचा आजार आहे, गोळ्या चालू आहेत. अभ्यासिकेतून यायला रात्री एक वाजतो, सकाळी सहाला परत. महिन्यातून एकदा-दोनदा रात्री फिट येते आणि रूममेट घाबरतात, एकीने चप्पल हुंगवली. वाचलेलं राहत नाही, चिडचिड खूप होते. मी हे सोडून गावी जाऊ का?

उत्तर : नको गं, फिट येते म्हणून गावी जाऊ नकोस. पण एक ते सहा ही झोप तुला पुरणारी नाही, हे मात्र बदलावंच लागेल. अकराला झोप, रोज, रविवारी पण. तो वेळ वाया गेला असं समजू नकोस, वाचलेलं डोक्यात पक्कं व्हायला झोपच लागते. गोळीला फोनचा अलार्म लाव आणि गणपतीत गावी जाताना जास्तीच्या गोळ्या बॅगेत ठेव, चुकलेला डोस आणि जागरण एकत्र आलं की फिट येण्याची शक्यता खूप वाढते.

लक्ष टिकणं, कामाचा क्रम लावणं, रागाला आवर घालणं हे फ्रंटल लोबचंच काम, त्यामुळे तुझी तक्रार आळशीपणाची नाही. पण गोळीमुळेही असू शकतं, लेव्हेटिरासिटामने काहींची चिडचिड बरीच वाढते. कोणती गोळी ते तू लिहिलं नाहीस. डॉक्टरांना स्पष्ट विचार, बदलता येते, मनाने मात्र बंद करू नकोस, एकदम बंद केली तर फिटवर फिट येऊ शकते. आणि खूप उदास वाटत असेल तर तेही सांग, त्यावरही इलाज असतो.

रूममेट्सना दिवसा, शांतपणे बसवून सांग. फिट आली की हातपाय दाबून धरायचे नाहीत, तोंडात चमचा-पाणी काही घालायचं नाही, कांदा-चप्पल काही नाही. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला करायच्या, डोक्याखाली मऊ काहीतरी, जमेल तेव्हा कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या पुढे गेली किंवा शुद्धीवर न येता लगेच दुसरी आली तर १०८ ला फोन. वरचा बंक असेल तर खालची कॉट मागून घे.

प्रश्न : मुलगी २६ वर्षांची, नोकरी करते, तीन वर्षं गोळीवर फिट नाही. स्थळं येतायत. नातेवाईक म्हणतात सांगू नका. मुलांना होईल का? — चिंचवडहून एक वडील

उत्तर : काका, सांगा. हिंदू विवाह कायद्यात एके काळी फिट्स हे लग्न रद्द करायचं कारण होतं, १९९९ च्या दुरुस्तीने ते काढून टाकलं, त्यामुळे आजार आहे म्हणून लग्नाला कायद्याची आडकाठी नाही. लपवलं तर पुढे फसवणुकीचा आरोप होऊ शकतो, पण मला त्याहून जास्त भीती दुसरीच वाटते, की सासरी कुणाला कळू नये म्हणून मुली गोळ्या चोरून घेतात, मग चुकवतात, मग बंद करतात, आणि तीन वर्षं न आलेली फिट परत येते. पहिल्या भेटीतच सांगायला हवं असं नाही, पण होकाराच्या आधी, आणि शक्यतो मुलीने स्वतः मुलाला सांगितलेलं बरं.

मुलांचं म्हणाल तर बहुतेकांमध्ये हा आजार पुढच्या पिढीत सरळ जात नाही. थोड्या घराण्यांमध्ये जातो, अशा झोपेतल्या फ्रंटल लोब फिट्सचं पहिलं जनुक १९९५ मध्ये सापडलं. तुमच्या घरात आत्या-मामा-आजोबा कुणाला झोपेत असं काही व्हायचं का हे आठवून डॉक्टरांना सांगा. गरोदरपणाचा विचार सुरू झाला की दिवस जायच्या आधीच न्यूरॉलॉजिस्टना भेटायचं, फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून चालू करतात, आणि गोळी व्हॅल्प्रोएट असेल तर दुसरी देता येते का हे तेव्हाच विचारायचं. तोपर्यंत गर्भनिरोधक गोळ्या घ्यायच्या असतील तर तेही विचारून, कारण कार्बामाझेपिन चालू असताना त्यांचा परिणाम कमी होतो.