किलोवर पैसे दिलेस तर किलोच मिळतील

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

वेंगुर्ल्याचं काजूचं युनिट हातात आल्या आल्या तू कामगारांच्या इन्सेंटिव्हचा विचार केलास, बरं वाटलं. सोलणीला किलोमागे जादा पैसे, असा तुझा बेत. तो तसाच लागू करू नकोस.

आधी एक अख्खा दिवस सोलणीच्या टेबलाशी बसून बघ. गर नीट सुकला असेल तर तांबडा पापुद्रा नखानेच सुटतो. चिकटला असेल तिथे सुरीचं टोक लावावं लागतं, आणि घाई झाली की गर उभा दुभंगून पाकळी होते. 320 नंबरचा अख्खा गर, म्हणजे पौंडात 300 ते 320 बसतात तो, आणि पाकळी यांच्या भावातलं अंतर तुला ठाऊक आहे. नुसत्या वजनावर पैसे लावलेस तर वजन वाढेल, पाकळीही वाढेल. आणि सोलणाऱ्या बायकांना बोल लावायची सोय नाही. तू मोजलंस तेच त्यांनी दिलं.

मग अख्ख्या गरावर जादा पैसे? तिथेही गोम आहे. बी नीट वाफवली नसेल, टरफल कापताना कटिंगचं पातं खोल बसलं असेल, गर ड्रायरमध्ये फार सुकून ठिसूळ झाला असेल, तर सोलणारीच्या हातात तो तडकलेलाच येतो. आठ माणसांच्या युनिटमध्ये ‘कुणी फोडला’ याची चौकशी सुरू केलीस की बी वाफवणारा बॉयलरवाला आणि टेबलावरच्या बायका यांच्यात कायमची जुंपेल. त्यापेक्षा दर महिन्याला शंभर किलो बीमागे अख्खे किती निघाले ते लिहून ठेव. आकडा वाढला तर त्यातला वाटा सगळ्यांना दे, बॉयलरवाल्यालाही. सोलणीचा मूळ दर मात्र जिचा तिला. नाहीतर झटून काम करणारी चिडेल, आणि तिचं चुकणार नाही.

पावसात हवा ओली. पापुद्रा सुटत नाही, आणि तीच बाई तेवढेच तास बसून कमी किलो सोलते. पावसाळ्याचा दर वेगळा ठेव. शिवाय किलोवर पैसे दिले तरी दिवसाचं किमान वेतन चुकत नाही, हे लक्षात असू दे.

हजेरीच्या बोनसला ‘महिनाभर एकही खाडा नको’ अशी अट घातली आहेस. जुलैत भाताची लावणी असते रे! त्या महिन्यात प्रत्येकीचा खाडा होणार, आणि एकदा बोनस गेला की उरलेले दिवस धडपडत यायचं कारणच संपलं. लावणीचे दिवस अटीतून काढ. आधी सांगून घेतलेली रजा खाड्यात धरू नकोस.

बोनसचा कायदा तुझ्या आठ माणसांना लागत नाही. तरी त्यातला किमान आकडा, 8.33 टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, धरून चालायला हरकत नाही. द्यायचा कधी, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तू दिवाळी लिहिली आहेस. आपल्याकडे घरातला पैसा संपतो तो चवथीला, म्हणजे गणपतीत: गणपतीवर बांधायच्या माटवीचं सामान, पोरांचे कपडे, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांचं जेवणखाण. तेव्हा हातात काही नसेल तर त्या तुझ्याकडे उचल मागणार, आणि दिवाळीचा बोनस त्या उचलीतच वळता होणार. मग तू बोनस दिलास असं कुणाला वाटणारही नाही. चवथीच्या आधी आठ-दहा दिवस दे.

कटिंगवाल्यांचे हातमोजे तू इन्सेंटिव्हच्या यादीत टाकलेस, ते तेवढे खोड. टरफलाच्या तेलाने बोटं काळी पडतात, कातडी निघते. मोजे द्यायलाच हवेत, त्याचं बक्षीस कसलं? ‘महिन्याची उत्तम कामगार’ म्हणून भिंतीवर फोटो लावायचा बेतही सोड. एकाच वाडीतल्या जावा-नणंदा त्या. फोटो एकीचा आणि अबोला बाकीच्यांचा.

दोन्ही दर, कोरड्या दिवसांचा आणि पावसाळ्याचा, फळ्यावर लिही आणि हंगाम संपेपर्यंत त्यांना हात लावू नकोस. वजनकाट्यावर वैधमापन खात्याचा, म्हणजे काटे तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, चालू वर्षाचा शिक्का आहे का बघ, आणि काटा असा ठेव की आकडा बायकांनाही दिसेल. पहिल्या महिन्याची वही भरली की रविवारी इकडे सावंतवाडीला ये, दोघं मिळून आकडे बघू.

तुझा,
काका