फोन ‘ठेवला’ की ‘कट केला’?

तुमचा प्रश्न असा की कथेतल्या नायिकेच्या हातात स्मार्टफोन आहे, तुम्ही "तिने फोन ठेवला" लिहिलंत आणि कोणीतरी ते खोडून "कट केला" करा म्हणालं, कारण आता फोन ठेवतं कोण, बटण दाबतात. माझ्या मते तुमचं वाक्य बरोबर आहे, आणि ते बदललंत तर अर्थच बदलेल.

जुन्या फोनमधे रिसीव्हर जिथे टेकायचा तिथेच स्विच असायचा. रिसीव्हर उचलला की सर्किट जोडलं जायचं आणि एक्स्चेंजला, म्हणजे कॉल जोडून देणाऱ्या केंद्राला, कळायचं की इकडे कोणाला तरी बोलायचंय, परत ठेवला की त्याच्या वजनाने स्विच दाबला जायचा आणि सर्किट तुटायचं. म्हणजे ठेवणं हेच बंद करणं होतं, त्यासाठी वेगळं बटण नव्हतंच. उचलला, ठेवला, आपटला, हात जे करत होते तेच शब्द तोंडात बसले.

‘नंबर फिरवणे’ही तसंच. जुन्या फोनवर आकड्यांची गोल चकती असायची, आकड्यात बोट घालून ती फिरवून सोडली की मागे येताना आकड्याइतके झटके लाईनवर जायचे, १ ला एक, ९ ला नऊ आणि ० ला चक्क दहा. अमेरिकेत १९४७ साली एरिया कोड, म्हणजे नंबरच्या आधी लावायचे भागांचे आकडे, ठरवले तेव्हा गजबजलेल्या शहरांना कमी झटक्यांचे, म्हणजे लवकर फिरवून होणारे कोड दिले, न्यूयॉर्कला २१२, शिकागोला ३१२. चकत्या कधीच गेल्या, पण ते कोड अजून तसेच आहेत. (एका चकतीने शहरांचे नंबर ठरवले ही गोष्ट मला अजूनही भारी वाटते.)

आता गंमत बघा, मराठीत ‘फिरवणे’ मागे पडलं पण ‘उचलणे’ आणि ‘ठेवणे’ टिकले. मला याचं कारण असं वाटतं की फिरवणं हे माणूस आणि यंत्र यांच्यातलं काम होतं, यंत्र बदललं की शब्दाचं काम संपलं. उचलणं आणि ठेवणं हे दोन माणसांमधलं आहे. "तो माझा फोन उचलत नाही" यात तक्रार त्या माणसाबद्दल असते. आणि "बरं, ठेवू का मग?" हा तर निरोप घेण्याचा प्रकार आहे, त्यात समोरच्याची परवानगी मागितलेली असते. माझी आई मोबाईलवर सुद्धा "ठेवते हं" म्हणते आणि मी "हो, ठेव" म्हटल्याशिवाय बटण दाबत नाही. तिथे "कट करते हं" म्हणून बघा, कानाला कसं लागतं ते.

‘आपटला’चं मात्र अवघड झालं, कारण हजारो रुपयांचा फोन रागाने कोण आपटणार, मग तो राग ‘कट केला’ने उचलला. त्यामुळे आज दोन्ही शब्दांनी कामं वाटून घेतलीयत, बोलणं संपलं की ठेवला, मधेच तोडलं किंवा घेतलाच नाही तर कट केला.

माणसं यंत्राला कशी वाकवतात ते बघायचं तर ‘मिस्ड कॉल देणे’ घ्या. मिस्ड म्हणजे घ्यायचा राहून गेलेला, आणि आपण तो मुद्दाम ‘देतो’! पोचलो, खाली ये, तू कर, सगळं एका रिंगमधे. ज्यांनी फोन बनवला त्यांच्या मनातही हा वापर नसणार.

राहिली तुमची अडचण, की "फोन ठेवला" म्हणजे वस्तू ठेवली असं कोणी वाचेल. जागा सांगितली की वस्तू, नाही सांगितली की कॉल, बहुतेक वेळा वाचणारा असंच घेतो. "तिने फोन टेबलावर ठेवला" आणि "तिने फोन ठेवला" यात आपला गोंधळ होत नाही. तुमच्या कथेत नायिका "उद्या बोलू" म्हणते ना, मग ‘ठेवला’च राहू द्या. ‘कट केला’ लिहिलंत तर ती कशावर चिडली हे वाचणारा मागच्या पानावर शोधत बसेल.